दोन बरस्या, एक वही

आमच्या घरी अब्बांची बरसी दोनदा यायची. अब्बा गेले २० मार्च १९९१ ला. त्या दिवशी तिसरा रोजा होता. म्हणून अम्मी फातिहा द्यायची ती रमजानच्या तिसऱ्या रोज्याला. भाईजान बँकेत नोकरीला. त्यांच्या लेखी दिवस म्हणजे २० मार्च. "अम्मी, तुझा दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. अब्बा काय रोज नव्या दिवशी गेले?" असं ते एकदा बोलून गेले. अम्मीनं उत्तर दिलं नाही. पुढं दोघंही एकमेकांच्या फातिहाला बसले नाहीत. मी मात्र दोन्हीकडे जायचो आणि दोन्हीकडे अपराध्यासारखा बसायचो.

२०२४ च्या पावसाळ्यात अम्मी गेली. तिच्या पेटीत एक वही सापडली. प्रत्येक बरसीची नोंद होती. मी त्यातच भाईजानच्या तारखा मिसळल्या आणि ओळीनं क्रमांक घातले. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, सौरवर्ष ३६५-३६६ दिवसांचं. त्यामुळे अम्मीचे आकडे आले १, ३, ५, ७. भाईजानचे २, ४, ६, ८. पुढंही असंच चालणार, असं वाटलं. पण ६४ वर भाईजानची २० मार्च २०२३, ६५ वर अम्मीची २६ मार्च आणि ६६ वर पुन्हा अम्मीचीच, १४ मार्च २०२४! भाईजानचा नंबर थेट ६७. तेहतीस वर्षांची सम-विषम घडी तिथं मोडली.

मी बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस. मात्रा मोजण्यापलीकडे माझं गणित नाही. पण शोधलं, तेव्हा कळलं की गणितात याचा सुंदर नियम आहे. १, २, ३ या आकड्यांत दोनच्या वर्गमुळाच्या, म्हणजे १.४१४ च्या पटी मिसळा आणि लहानमोठेपणानं नंबर द्या. पूर्ण आकड्यांना मिळतात १, ३, ५, ६, ८, १०. वर्गमुळाच्या पटींना २, ४, ७, ९, १२, १४. हेच नंबर यादी न करताही निघतात. १.७०७ च्या पटी घ्या आणि अपूर्णांक टाकून द्या, की पहिली रांग, २.४१४ च्या पटींतून दुसरी. दोन रांगा एकमेकींना न विचारता चालतात, तरी एकही आकडा दोघींत येत नाही आणि एकही सुटत नाही. अट एवढीच, की दोन मापांचं गुणोत्तर अपरिमेय हवं आणि त्या दोन संख्यांच्या व्यस्तांची बेरीज बरोबर १ हवी. टोरंटोचे सॅम्युअल बीटी यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात हे कोडं म्हणून घातलं. त्याआधी १८९४ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या ध्वनीवरच्या ग्रंथात ते येऊन गेलं होतं.

पंचांगात दिवस पूर्ण मोजतात, म्हणून कधी दोन्ही बरस्या एकाच दिवशीही येतील. तेवढी सूट धरायला हवी.

४ मार्च २०२५ ला तिसरा रोजा होता. मगरिबच्या आधी भाईजान खजूर घेऊन दारात उभे राहिले. फातिहा झाली. वही समोर होती. "ही कितवी?" त्यांनी विचारलं. "अडुसष्टावी," मी म्हणालो. त्यांनी चष्मा लावला, स्वतःच्या हातानं ६८ लिहिलं आणि खाली ६९ साठी ओळ मोकळी सोडली. २० मार्चला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वही काखेत घेऊनच गेलो.