हप्त्यांच्या हिशेबातील श्रेढी



अंकगणिती श्रेढी हा विषय आपल्यापैकी बहुतेकांनी शालान्त परीक्षेसाठी पाठ केला आणि परीक्षेबरोबरच सोडून दिला. परंतु लालबाग-परळच्या ज्या ज्या खोलीत हप्त्यांवर घेतलेले कर्ज आहे, तेथे ही श्रेढी दरमहा हजेरी लावीत असते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात ज्यांचे पगार थांबले, त्यांना व्याज म्हणजे काय हे कोणी शिकवावयास नको. ते मोजावे कसे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

समजा, 12,000 रुपये कर्ज दरसाल दरशेकडा 12 दराने एका वर्षासाठी घेतले. देणारा म्हणतो, व्याज 1,440 रुपये. एकूण 13,440 रुपये, म्हणजे महिना 1,120 रुपयांचा हप्ता. हिशेब सरळ दिसतो. पण त्या हप्त्यात मुद्दलाचे 1,000 रुपये आपण दरमहा परत करीत असतो. तेव्हा आपल्याकडील मुद्दल पहिल्या महिन्यात 12,000, दुसऱ्यात 11,000, तिसऱ्यात 10,000 आणि शेवटच्या महिन्यात अवघे 1,000.

लागोपाठच्या कोणत्याही दोन पदांतील फरक येथे एकच आहे. अंकगणिती श्रेढीची हीच ओळख. मात्र पहिल्या दोन पदांवरून निर्णय देऊ नये. चक्रवाढीने वाढणारे 100, 110, 121 घ्या. फरक आधी 10, मग 11. ही अंकगणिती श्रेढी नव्हे.

आता बेरीज. पहिले आणि शेवटचे पद मिळून 13,000. दुसरे आणि शेवटून दुसरे मिळूनही 13,000. अशा 6 जोड्या, म्हणजे 78,000. महिना 1 टक्का दराने व्याज झाले 780 रुपये!

हा मार्ग जुनाच आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त श्रेढीव्यवहार आहे. पहिले पद मुख, ठरावीक फरक तो चय, पदांची संख्या गच्छ. मुख आणि अंत्यधन यांच्या बेरजेचे निम्मे म्हणजे मध्यधन. त्याला गच्छाने गुणले की सर्वधन. या परिभाषेत ‘धन’ शब्द पुन्हा पुन्हा यावा, हे मला मोठे बोलके वाटते. आपल्या उदाहरणात मध्यधन 6,500 येते. वर्षभर सरासरी एवढीच रक्कम आपल्या हाती होती. व्याज मात्र पुऱ्या 12,000 वर घेतले गेले. 12 टक्के म्हणून सांगितलेला दर अशा रीतीने प्रत्यक्षात 21 टक्क्यांच्याही वर जातो.

रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार बँकांना किरकोळ कर्जाचा खरा वार्षिक दर कर्जदारास लेखी कळवावा लागतो. पतपेढ्या आणि हप्त्याने माल देणारे दुकानदार त्या परिपत्रकाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे, “व्याज सरसकट, की घटत्या बाकीवर?” आणि उत्तर येईपर्यंत कागदाच्या कोऱ्या बाजूवर पहिले व शेवटचे पद मांडून ठेवावे.