मोबाईल आणि आपल्या मुलांची कला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चित्रकार नाही, गायकही नाही. उमेदीची सारी वर्षे गिरणीच्या साचेखात्यात गेली. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झाले. तेव्हा कलेच्या शिक्षणावर मी काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण घरात जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी पुतणी आठवीत आहे. पोरीचा हात चांगला. एलिमेंटरी परीक्षेला बसायचे तिने ठरवले, पण क्लासची फी परवडेना. मग ती यूट्यूबवर बघून सराव करू लागली. एक दिवस आईच्या मोबाईलवरून तिने आपले चित्र इन्स्टाग्रामवर टाकले. खाली कोणीतरी टिंगल केली. पोरीने वही फाडली. आठ दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. घरचे म्हणाले, “तो मोबाईलच बंद करा.” मी म्हणालो, “थांबा. यात मोबाईलची चूक किती आणि आपली किती, ते आधी बघू.”

मित्रहो, आपल्या माणसांना कला कोणी वर्गात बसवून शिकवली नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. जलशात पोरे मागे उभी राहून झील धरायची आणि झील धरता धरता गायला शिकायची. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली तीच मुळी मोठेपणी, मुंबईत. दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी वाचन पक्के केले आणि पुढे जन्मभर गाणी रचली. ज्याला शिकायचे आहे त्याला रस्त्यावरची पाटीसुद्धा शाळा होते. आज ती पाटी मुलांच्या खिशात आली आहे. ती हिसकावून घेणारे आपण कोण?

आणि तिचा उपयोग मोठा आहे. ढोलकीचा बोल गुरुजी दोनदा वाजवून दाखवतील, चारदा दाखवतील. यूट्यूबवर तोच बोल शंभर वेळा मागे नेऊन ऐकता येतो, वेग निम्मा करून बोट कुठे पडते ते बघता येते. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा कितीतरी मुलांची चित्रकला मोबाईलमुळेच चालू राहिली.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हिडिओ आपल्याला हात दाखवतो, आपला हात बघत नाही. मी १९८८ साली बदली म्हणून लागलो, तेव्हा तुटलेला धागा जोडायला शिकलो तो शेजारच्या साच्यावरच्या जुन्या कामगाराकडून. तो माझी बोटे बघायचा आणि म्हणायचा, “असं नाही रे, असं.” हे ‘असं नाही’ व्हिडिओत नसते. तिथे तासन्‌तासाचे काम मिनिटात पळवतात, खोडलेल्या रेघा कापून टाकतात. पोराला वाटते, सगळ्यांना जमते, मलाच जमत नाही.

दुसरे असे की, पडद्यावरचे चित्र बघून चित्र काढणे ही नक्कल झाली. एलिमेंटरीत वस्तुचित्राचा पेपर असतो. त्यात खरी वस्तू समोर ठेवलेली असते. तेव्हा घरातला तांब्या खिडकीजवळ ठेवा, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते ते मुलाला बघू द्या. व्हिडिओ त्याच्या आधी बघा, काढताना नको.

आम्ही काय केले ते सांगतो. वस्तीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हातापाया पडून तयार केले. पाच मुले, त्यांचे पालक आणि गुरुजी, एवढ्यांचाच व्हॉट्सॲप ग्रुप केला. मूल एका चित्राचे तीन फोटो पाठवते: कच्ची रेखा, अर्धे काम आणि पुरे चित्र. फोटो दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, मोबाईल बरोबर वर धरून काढायचा; तिरका काढला तर तांब्याच वाकडा दिसतो. गुरुजी फोटोवर खूण करून चूक दाखवतात. आधी काय चांगले जमले ते सांगतात, मग चूक. टिंगल करणारा तिथे कोणी नाही. पुतणीने फाटलेली वही चिकटवली आणि पुन्हा बसली. परीक्षेचा निकाल लागेल तो लागो, माझ्या लेखी ती पास झाली.

पालकांना हात जोडून सांगणे आहे. इन्स्टाग्रामला तेरा वर्षांची अट आहे, ती मोडू नका. चित्र टाकायचेच तर मुलाचे नाव, शाळा, पत्ता टाकू नका. आणि किती लाइक आले हे मुलाला विचारू नका. आज नवीन काय जमले ते विचारा. गाणे पुढे पाठवताना ते रचणाऱ्याचे नाव लिहा. आपल्या कवींची नावे आपणच पुसली, तर दोष कोणाला द्यायचा?

शेवटी एक विनंती. दर रविवारी एक तास विहाराचे सभागृह मुलांना द्या. आपल्यातल्या वयस्कर आयाबायांना जुनी गाणी तोंडपाठ आहेत. मुलांनी ती त्यांच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करावीत, शेजारी बसून चाल शिकून घ्यावी. माझ्या आईला किती गाणी येत होती! एकही कोणी टिपून ठेवले नाही, मीसुद्धा नाही. तेव्हा साधन नव्हते. आज साधन आहे, आता सबब चालणार नाही.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!