फोनवरची सभा

आम्ही कारखान्याच्या फाटकावर पत्रके वाटून माणसे जमविणारे. फोनवर जमणाऱ्या तरुणांकडे आम्ही फार दिवस संशयानेच पाहिले. नेपाळने तो संशय निम्मा मोडला.

४ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारने, नोंदणी केली नाही म्हणून, फेसबुक-यूट्यूबसह २६ माध्यमांवर बंदी घातली. पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीची चित्रे तेव्हा फोनाफोनांवर फिरत होती. घरचा कर्ता मुलगा आखातात राबत असता ती पाहून कोणाचे रक्त तापणार नाही? ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. एका दिवसात १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. मग डिस्कॉर्डवर (ही मूळची खेळगड्यांची गप्पांची जागा!) हजारो मुलांनी वाद घालून सुशीला कार्की यांचे नाव पुढे केले आणि १२ तारखेला त्या हंगामी पंतप्रधान झाल्या.

आम्हांस एक संप उभारण्यास महिने लागतात. पण आमच्या सभेत हात वर करणाऱ्याचे नाव वर्गणीच्या वहीत असते, आणि संप फसला तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोपुढे आम्हांसच बसावे लागते. डिस्कॉर्डवर मत देणारा कोण, कोठला, हे कोणास ठाऊक? त्या १९ घरांत कोण जाऊन बसले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.