निपाणी–बेळगाव, रात्रीची गाडी

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही बालमानसतज्ज्ञ नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस. कचेरीत दिवसभर कन्नड, घरी मराठी. 2019 साली नेमणूक निपाणीला आणि घर शहापूरला. घरी पोचायला रात्रीचे नऊ. मुलगी तेव्हा चार वर्षांची. आठला अंथरूण घातलं की रडारड सुरू. या वयाला दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे नऊसुद्धा भरत नव्हते. बागुलबुवा दाखवून पाहिला. त्यानं झोप आली नाही, दिवा मात्र रात्रभर जळायला लागला.

माझी आई म्हणाली, "अरे, पोर झोपेला नाही म्हणत नाही. तुझी वाट बघत्येय."

मग आम्ही गाडी काढली. पलंग म्हणजे बस, मी ड्रायव्हर, ती कंडक्टर. निपाणीला दात घासायचे, संकेश्वरला कपडे बदलायचे, हत्तरगीला शू आणि पाणी. तिथून पुढं गोष्ट, एकच. काकतीला दिवा बंद. बेळगाव स्टँडला सगळे प्रवासी झोपलेले हवेत. "मुंद होग्री" म्हणत ती बाहुल्यांना आत सरकवायची. मध्येच उतरायचं तर बेल मारायची, पण दोनदाच. बेल तिच्या हातात आली आणि निम्मं भांडण मिटलं. गाडी साडेनऊला सुटायची, रविवारीसुद्धा. 'झोप' हा शब्द आम्ही काढलाच नाही.

त्या ऑगस्टात पूर आला. वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर चढलं, आणि मी ड्युटीवर तिकडंच अडकलो. रात्री फोनवर कंडक्टर: "बाबा, रस्ता बंद. आज गाडी नाही!" यमगर्णी निपाणीच्या पलीकडं, कोल्हापूरच्या अंगाला; आमच्या मार्गाशी संबंधच नाही. पण हे तिला कोण पटवणार? शेवटी मी फोनवरूनच ड्रायव्हर झालो. तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा, आणि बाजूला सहकारी हसतायत. संकेश्वरपर्यंत ती बोलायची, काकतीला नुसता श्वास ऐकू यायचा.

घरी पोचलो त्या रात्री अकरा वाजून गेले होते. गाडी केव्हाच स्टँडला लागलेली. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र टॉवेल टाकून जागा धरून ठेवलेली होती.