वकील चुकला तर शिक्षा कोणाला?

(नागरवाडा येथे सभासदांपुढे केलेले भाषण)



१८७५ साली रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. बचावासाठी सार्जंट बॅलन्टाइन हे नामांकित बॅरिस्टर विलायतेहून बडोद्यास आले. आयोगाच्या सहा सदस्यांची मते तीन-तीन अशी फुटली, तरी महाराज पदच्युत झालेच. पण निदान त्यांची बाजू मांडली गेली. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, त्याचे काय?

त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९७८ साली हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्कच ठरवला. पण नेमलेला वकील आणि खरोखर लढणारा वकील यांत अंतर असते. मध्य प्रदेशात २०१३ साली एका तरुणाला ज्या दिवशी वकील नेमून दिला, त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली. पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा! २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितले. जन्मठेप वा फाशी संभवत असेल तर किमान १० वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा, तयारीला साधारणपणे ७ दिवस तरी द्यावेत, असेही बजावले. २०२४ साली तो निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे कोण परत देणार?

अमेरिकेत असे कैदी आपल्या जुन्या वकिलावर फेडरल कोर्टात दावा लावतात. पण सरकारी पगारावरचा वकील आरोपीचा बचाव करतो तेव्हा तो सरकारचा माणूस नसतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच ठरवल्यामुळे नागरी हक्कांखालचे दावे अडतात. आपल्याकडे वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जाण्याची वाट २०२४ च्या निकालाने बंद झाली. उरली बार कौन्सिलकडे तक्रार आणि दिवाणी दावा. वकिलाची सनद जाईल, भरपाई मिळेल. पण त्याने तुरुंगाचे कुलूप उघडत नाही.

म्हणून चूक खटला चालू असतानाच धरली पाहिजे. वकील भेटत नाही, साक्षीदाराची उलटतपासणी घेत नाही, हे आरोपीने किंवा घरच्यांनी न्यायाधीशांना तेव्हाच सांगावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दुसरा वकील मागावा. १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आणि आपल्यातल्या ज्येष्ठ वकिलांना हात जोडून विनंती: वर्षाकाठी एक तरी गरिबाचा खटला स्वतः उभे राहून लढवा. नवशिक्यावर सोपवू नका.