वळसंगच्या शेतातले जेवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण प्रवासात काय पाहिले ते सांगा, असा अध्यक्षबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

३० डिसेंबर २०२४ रोजी आम्ही उभयता सोलापूरहून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालो होतो. वळसंगजवळ गाडीचे चाक पंक्चर झाले. रस्त्याने डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका शेताकडे चालल्या होत्या. त्यांतली एक थांबून म्हणाली, "अक्का, उन्हात का उभ्या? आज येळामावस्या हाय. जेवायला चला की." मार्गशीर्षातल्या या अमावस्येला तिकडे घरेच्या घरे शेतात जेवतात आणि वाटसरूलाही बोलावतात.

खरे सांगते, माझा पाय उचलेना. ओळख ना देख. कोण असतील, कुणाच्या हातचे खावे लागेल, हेच मनात आले. हे म्हणाले, "एवढे मायेने बोलावतात, चल."

शेतात शाळू डुलत होता. कडब्याच्या खोपीत पाच दगड मांडून पांडव म्हणून त्यांची पूजा झाली. मग पंगत बसली. आपण कोकणातली भात खाणारी माणसे. मला सारेच नवे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ज्वारीचे उंडे आणि शेंगांची चटणी. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत बरे! तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे, मेथी, गाजर, वांगी असे शेतात असेल ते एकत्र शिजवून चिंच घालतात आणि बेसन लावतात. वर मडक्यातली आंबील. ज्वारीचे पीठ शिजवून निववायचे, त्यात ताक, लसूण, आले व मीठ घालायचे. अशी थंडगार आंबील मी दोन पेले प्याले! संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष ठरवले होते. त्या माउलीच्या घरी मात्र रोजच भाकरी.

आपसांत त्या कानडीत बोलत, माझ्याशी मराठीत. त्यांनी माझे नाव विचारले ते हात धुतल्यावर. आडनाव तर विचारलेच नाही. निघताना ओटीत शेंगा घातल्या.

गाडीत बसले आणि मला घरची कपबशी आठवली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी मी ती वेगळी, खिडकीत ठेवीत असे. सासूबाईंची रीत म्हणून मीही चालवली. भगिनींनो, मला फार लाज वाटली. घरी आल्यावर ती कपबशी घासून फडताळात बाकीच्यांत ठेवली. आता आम्ही दोघी एकत्र बसून चहा घेतो. पहिल्या दिवशी त्या ओट्याशीच उभ्या राहिल्या, बसेनात. ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझी एकच विनंती. यंदाच्या हळदीकुंकवाला आपल्या आळीत कामाला येणाऱ्या बायकांनाही बोलवावे, आणि त्यांना आपल्याच सतरंजीवर बसवावे. आंबील मी करून आणीन.