ताण : तिचा आणि आपला

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या मांडणीचा संपादित भाग)



सल्ला केंद्रात येणारी बाई 'मला ताण आहे' असं क्वचितच म्हणते. ती सांगते, पित्त उसळतं, मान धरते, छातीत धडधडतं, पाळी मागेपुढे होते. कुणाच्या अंगात येतं. डॉक्टरकडे जाऊन आलेली असते. पिशवीत ताकदीच्या गोळ्या असतात आणि कानात सल्ला, 'टेन्शन घेऊ नका.' जणू बाई भाजीबरोबर टेन्शनही विकत घेऊन येते!

शरीरात काय घडतं ते बघू. धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं रक्तात सोडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात जास्त साखर येते, पचन मंदावतं. ही लढण्याची किंवा पळण्याची तयारी. धोका टळला की ती उतरते. पण रोज संध्याकाळी दारात वाजणारी नवऱ्याची पावलं हाच धोका असेल, तर ती उतरणार कधी? मग झोप उडते, डोकं ठणकतं, रक्तदाबाचं दुखणं मागे लागू शकतं.

मारहाण नसलेल्या घरातही उसंत कुठे आहे? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. अशा बाईला 'रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा' असं सांगताना तो अर्धा तास घरातलं कोण देणार, हेही विचारायला हवं.

मात्र प्रत्येक दुखणं ताणाच्या खात्यावर टाकू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. थकवा, धाप, धडधड त्यानेही होते, थायरॉइडनेही होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या बाईला मळमळ, धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं असा त्रास होऊ शकतो, आणि 'पित्त असेल' म्हणून ती घरीच पडून राहते. तेव्हा आधी तपासणीचा आग्रह धरा.

आता आपल्याबद्दल. दिवसातली तिसरी मारहाणीची हकीकत ऐकून आपण गाडी पकडतो, घरी कुकर लावतो, आणि रात्री अकराला फोन वाजतो. बाईची झोप कशी आहे हे आपण फॉर्मवर लिहून घेतो. आपली कोण विचारतं? दमणारी कार्यकर्ती निष्ठेत कमी पडली, असा चळवळीत एक न लिहिलेला नियम आहे. मला तो मुळीच मान्य नाही. मालकाने असं राबवलं असतं तर आपण मोर्चा काढला असता.

पोलीस ठाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं बसून श्वास सावकाश, लांबवत सोडला की धडधड कमी व्हायला मदत होते. हे बाईलाही शिकवा, फुकट आहे. पण त्याने मारहाण थांबत नाही आणि रात्रीचा फोनही. त्यासाठी संस्थेलाच व्यवस्था करावी लागेल : अवघड केसला दोघींनी जायचं, फोनची पाळी लावायची, आठवड्यातून तासभर बसायचं. त्या तासात 'पुढे काय करायचं' एवढंच बोलू नका, 'ऐकून तुला काय झालं' हेही विचारा. आणि हा तास अंदाजपत्रकात दाखवा, नाहीतर तो पहिला कापला जातो.

दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, झोप नसेल तर डॉक्टरांना गाठा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आजाराला औषध घेण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

जेवणानंतरच्या सत्रात प्रत्येक गटाने कागदावर लिहून आणायचं आहे : आपल्या केंद्राचा रात्रीचा फोन कुणाकडे असतो आणि किती महिन्यांपासून.